बहुधा यवन

जाधव सर कुठेही गेले तरी दाराजवळची खुर्ची धरायचे. शाळेच्या स्टाफरूममध्ये, लग्नाच्या मांडवात, दवाखान्यात, अगदी माझ्या घरी चहाला आले तरी. आत पंख्याखाली जागा मोकळी असायची, पण सर "बरं आहे इथं" म्हणून दारालगत टेकायचे. मांडीवर कापडी पिशवी आणि पिशवीत एक स्टीलचा पेला, स्वतःचा. कुणी पाणी दिलं, चहा दिला की सर तो पेला काढून पुढे करायचे आणि वर हसून सांगायचे, "घसा नाजूक आहे माझा."

मी तेव्हा चोवीस वर्षांची. नुकतीच बी.एड. होऊन देवळाली प्रवरेच्या शाळेत मराठी शिकवायला लागले होते. मला वाटायचं, काय हा नवाबी थाट! एकदा भर स्टाफरूममध्ये मी म्हणाले, "सर, आमच्या कपांना काय काटे आहेत?" सगळे हसले. सरही हसले. त्या पेल्याचा अर्थ कळायला मला पुढची चाळीस वर्षं लागली, तुम्हाला मात्र आत्ताच सांगून टाकते. तो घशासाठी नव्हता. ह्यांना चहा कोणत्या कपात द्यायचा, असा प्रश्न समोरच्याला पडू नये आणि पडलाच तर आपल्याला दिसू नये, म्हणून तो होता.

त्या वेळच्या कुंदाला, म्हणजे मलाच, आज मी भेटले तर दोन कानाखाली देईन आणि मग हसत सुटेन. तिचे डोळे घारे होते. त्या घाऱ्या डोळ्यांचा तिला एवढा गर्व, की ती आरशाकडे तिरपी बघत केस विंचरायची. वडील सांगायचे, "आपल्या घराण्यात बाहेरचं रक्त आहे, समुद्रापलीकडचं." सासूबाई तिला मांजरी म्हणायच्या ते सोडा. समुद्रापलीकडची ही राणी रोज उसाच्या ट्रॉलीच्या मागून चालत शाळेत यायची.

सर इतिहास शिकवायचे. त्यांचा लाडका शब्द होता, 'बहुधा'. पोरांनी उत्तरात ठामपणे काही लिहिलं की सर लाल शाईनं वर एक काकपदाची खूण करून 'बहुधा' घालायचे. "पुलकेशीनं बहुधा अमुक केलं." "लढाई बहुधा या कारणानं झाली." पोरं त्यांना मागं 'बहुधा मास्तर' म्हणायची. एका पोरानं रजेच्या अर्जात 'मला बहुधा ताप आहे' असं लिहिलं, तर सरांनी त्याला रजा दिली आणि वर शाबासकीही.

दुसरा लाडका शब्द 'यवन'. दर वर्षी नववीच्या वर्गात ते विचारायचे, "यवन म्हणजे कोण?" पोरं ठरलेलंच उत्तर द्यायची, मुसलमान. सर मान हलवायचे. "चूक. यवन म्हणजे ग्रीक. भूमध्य समुद्राच्या काठावरची माणसं. ती आपल्याकडे आली होती." मग नेवाशाची सहल निघायची. प्रवरेच्या काठच्या टेकाडावर उन्हात पोरांना उभं करून सर सांगायचे, की इथल्या मातीत रोमन घाटाच्या सुरयांची खापरं सापडली आहेत, दारू भरून जहाजातून आलेल्या सुरयांची. आणि मग आवाज थोडा खाली आणून, जणू घरातली गोष्ट सांगतोय अशा स्वरात, "कार्ल्याच्या लेण्यात खांबांवर यवनांची नावं कोरलेली आहेत. त्यांनी खांब दान दिले. काय लिहिलंय? अमुक गावचा यवन. बास. परक्या मुलखातला माणूस येतो, भिक्खूंच्या लेण्याला खांब देतो आणि आपल्या गावासकट त्याचं नाव दगडात राहतं. त्याला कुणी पुढचं विचारलं नाही."

'पुढचं' म्हणजे काय, ते आता सांगते.

सर शाळेत रुजू झाले त्या दिवशी मीच त्यांना विचारलं होतं, "जाधव म्हणजे कोणते?" आमच्या नगर जिल्ह्यात हा प्रश्न लोक पाणी विचारावं तसा विचारतात. जाधव मराठ्यांतही आहेत आणि बौद्धांतही. त्यामुळे नुसत्या आडनावानं आमचं पोट भरत नाही, पुढे 'कोणते?' लागतं. सर म्हणाले, "खर्ड्याचे."

"अय्या, खर्डा! किल्ल्याचं! किल्ल्याजवळच का घर?"

"दारातून दिसतो."

झालं. किल्ला दारातून दिसतो म्हणजे सरदार घराणंच असणार, असं माझ्या घाऱ्या डोळ्यांना स्वच्छ दिसलं. सर भाड्यानं खोली शोधत होते. आमच्या आळीतल्या तात्यांकडे दोन खोल्या रिकाम्या होत्या. तात्यांचा ऊस होता, बोलणं रांगडं आणि मन तसं मऊ. त्यांनी मला विचारलं, "कोनते हायेत जाधव?" मी छाती काढून म्हणाले, "खर्ड्याचे. आपलेच."

हा 'आपलेच' माझ्या पदरचा. सरांनी तो कधी उच्चारला नव्हता.

सर आणि शांतावहिनी तिथे राहायला आले. आठ महिने छान गेले. तात्यांच्या मंडळींचं आणि वहिनींचं गूळपीठ जमलं. मग तात्यांकडे सोयरिकीसाठी खर्ड्याकडचे पाहुणे आले. त्यांतल्या एकानं ओसरीवरून सरांना बघितलं आणि तात्यांच्या कानाशी लागला.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तात्या शाळेच्या फाटकाशी उभे. "बाई, तुमी तर म्हनला हुता आपलेच हायेत."

आणि तेव्हाची ती कुंदा काय म्हणाली? तिनं खोटं बोलायला पापणीही लवू दिली नाही. "मला काय माहीत तात्या? त्यांनीच तसं सांगितलं."

तात्या म्हणाले, "मानूस लई चांगलं हाय हो. पन आमाला न्हाई जमायचं. भावकी हाय. पोरीची सोयरीक मोडंल."

दोन दिवसांत खोली रिकामी करायची ठरली. शांतावहिनींना सातवा महिना होता. भर दुपारी टेम्पो आला. मी आमच्या खिडकीच्या पडद्याआडून बघत होते, हो, पडद्याआडून. सर सामान चढवून परत आत गेले आणि त्यांनी दोन्ही खोल्या झाडल्या. मग तात्यांच्या ओसरीवर जाऊन किल्ली ठेवली आणि सोबत एक कागद: 'खोल्या दोन, मोरी एक, दिवे दोन, दोन्ही चालू स्थितीत.' खाली सही. जाताना आमच्या दाराशी थांबून मला हाक मारली. मला वाटलं, आता हे बोलणार. सर म्हणाले, "बाई, तात्यांना सांगा, मोरीचा नळ गळत होता, मी वायसर बदललाय. जोरात पिळू नका म्हणावं."

एवढंच. त्यानंतर तीसेक वर्षं आम्ही एकाच शाळेत नोकरी केली. त्या दिवसाबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत आणि मीही नाही. पुढे त्यांनी गावाच्या टोकाला स्वतःचं घर बांधलं. दारावर पाटी लावली नाही. रात्री झोपताना, बाहेर पडताना, नुसतं अंगणात जाताना, सर कडी लावायचे, मग ओढून बघायचे, मग चार पावलं गेल्यावर परत येऊन ओढून बघायचे. शांतावहिनी हसायच्या, "अहो, आता आपलंच घर हाय. कोन काढतंय?" सर म्हणायचे, "बहुधा कोणी नाही." आणि पुन्हा ओढायचे.

शांतावहिनी गेल्या. आम्ही दोघंही निवृत्त होऊन आजोबा-आजी झालो. सरांची नात प्रज्ञा पुण्याला जीवशास्त्र शिकून तिथल्याच एका प्रयोगशाळेत लागली. चुणचुणीत, ठसठशीत पोरगी. एका दिवाळीत ती दोन छोटे खोके घेऊन आली. म्हणाली, "आजोबा, ह्या नळीत थुंकायचं आणि पाठवून द्यायचं. डीएनए काढतात. मग एका संकेतस्थळावर टाकलं की जुन्या माणसांशी ताडून बघता येतं. दोन हजार वर्षांपूर्वीचे ग्रीक, रोमन, कार्थेजचे, त्यांच्या थडग्यांतल्या हाडांतून काढलेलं. तुमचे यवन!"

दुसरा खोका कुणासाठी, तर माझ्यासाठी. कारण ती हे आणणार असल्याची बातमी आधीच माझ्या कानावर आली होती आणि मी फोन करून माझाही खोका सांगून ठेवला होता. सहासष्ट वर्षांची बाई, गुडघ्यांना पट्टे, आणि अजून त्या घाऱ्या डोळ्यांची शान गेली नव्हती. माझी खात्री होती, की आता समुद्रापलीकडचं रक्त कागदावर येणार आणि सासूबाईंच्या फोटोसमोर मी तो कागद धरणार.

सरांनी खोका हातात घेतला आणि ठेवून दिला. आठवडा गेला, महिना गेला. मी रोज विचारायची. "बघू," म्हणायचे. मला कोडं पडलं. जन्मभर यवन यवन करणारा माणूस, आणि यवन दारात आलेत तर हा कडी ओढतोय!

शेवटी प्रज्ञा पुन्हा आली तेव्हा ते तयार झाले. आम्ही दोघं त्यांच्या ओट्यावर बसलो, हातात एकेक नळी. अर्धा तास आधी काही खायचं-प्यायचं नाही असा नियम होता. मी विसरून बडीशेप चघळत होते, ती प्रज्ञानं थुंकायला लावली आणि मला पुन्हा अर्धा तास बसवलं. तरी माझी नळी भरली. सरांची कोरडीच. तोंड हलवत होते, गाल आत ओढत होते, थुंकी सुटेना.

"सर, चिंच आठवा," मी म्हणाले. "कैरी, तिखटमीठ लावलेली. लिंबाचं लोणचं. आमच्या हेडमास्तरांचं भाषण आठवू नका, तोंड आणखी कोरडं पडेल."

ते हसले. प्रज्ञा रुमाल आणायला आत गेली. तेव्हा सर नळीकडे बघत हळूच म्हणाले, "बाई, माझ्या पणजोबांच्या गळ्यात मडकं असायचं, असं आमचे वडील सांगायचे. रस्त्यावर थुंकी पडू नये म्हणून मडक्यात थुंकायचं. बहुधा. लेखी पुरावा माझ्याकडे नाही." मग म्हणाले, "आणि आता ही नळी. आता लोक थुंकी मागून घेतात."

मी माझी भरलेली नळी पदराआड केली.

"मी ह्या प्रकाराबद्दल वाचलंय," सर म्हणाले. "त्या संकेतस्थळावर दोन याद्या असतात. एक जुन्या लोकांची आणि एक आजच्या लोकांची. आजच्या यादीत युरोपातले देशाच्या नावानं आहेत. आपल्याकडचे जातीच्या नावानं. आमच्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेताना ते नाव टाकून दिलं. गावात सांगितलं, घरात सांगितलं, आम्हा पोरांना सांगितलं, परत उच्चारायचं नाही. आणि आता एक यंत्र माझ्या थुंकीतून तेच नाव काढून माझ्या नावासमोर लिहिणार. मग ते कुणाकुणाला दिसेल? प्रज्ञाच्या घरमालकाला दिसेल?"

"सर, तिच्या घरमालकाला कशाला..."

"तुम्ही तेव्हा तात्यांना काय सांगितलंत, मला माहीत आहे," ते म्हणाले. आवाज नेहमीसारखाच, वर्गात हजेरी घेतल्यासारखा. "राहू द्या. मी त्यासाठी बोलत नाही. मला फक्त पहिली यादी बघायचीय. यवनांची. मोह आहे माझा. दुसरी यादी कुणाला उघडू देऊ नका. एवढं कराल?"

माझे कान तापले होते. मी म्हणाले, "माझ्या घाऱ्या डोळ्यांची शपथ." ते पुन्हा हसले, आणि त्या हसण्यातच त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं असावं. नळी भरली.

निकालाला काही आठवडे लागणार होते. तेवढ्या दिवसांत सर वाळले. संध्याकाळचं फिरणं बंद केलं. पोस्टमन दिसला की आत जायचे, खरं तर निकाल पोस्टानं येणारच नव्हता. फोन वाजला की नंबर न बघता प्रज्ञालाच विचारायचे, "आला का?" एकदा पलीकडे गॅसवाला होता, तो म्हणाला, "येतोय सर, दुपारपर्यंत." सर दुपारपर्यंत घराच्या पायरीवर बसून राहिले. प्रज्ञाला विचारायचे, "सरकारला दिसतं का? पासपोर्टात येतं का?" ती वैतागून म्हणायची, "आजोबा, मी भाड्याच्या करारात स्वतःच धर्म बुद्धिस्ट लिहिलाय. मला कशाची भीती?"

"लिहू नये असं," सर म्हणायचे. "विचारल्याशिवाय लिहू नये. विचारलं तरी गावाचं नाव लिहावं."

प्रज्ञाला त्यांची भीती कळत होती, पण तिचं कारण तिला आजोबांनी कधीच सांगितलं नव्हतं. मला सांगितलं होतं. ते ओझं माझ्यावर होतं, आणि मला कुठली ओझी पेलतात!

निकाल आला तेव्हा आमच्या वाचनालयात निवृत्त शिक्षकांची महिन्याची बैठक होती. तिथे दाखवायचं ही कल्पना माझी; 'फक्त पहिली यादी' असं मला पुन्हा बजावून सर तयार झाले. पडदा लावला, प्रज्ञानं लॅपटॉप जोडला, चिवडा आला. आमचे जुने हेडमास्तर पहिल्या रांगेत. सर दाराजवळच्या खुर्चीत, मांडीवर पिशवी.

प्रज्ञानं पहिली यादी लावली. माझ्या नावाखाली पहिलंच नाव एका ग्रीक बेटाचं! मी उभीच राहिले. "बघा!" मी म्हणाले, "बघा, म्हणत नव्हते मी?" टाळ्या पडल्या. मग सरांचं नाव आलं. त्यांच्या खालीही तेच बेट. सर खुर्चीतून पुढे झुकले होते. चष्मा काढून पुसत होते, परत घालत होते. त्या चेहऱ्यावर नववीच्या पोराचा आनंद होता. "तेच बेट," ते म्हणाले. "बाई, आपण दोघं एकाच जहाजातून आलो."

"थांबा, थांबा," प्रज्ञा म्हणाली. "नीट ऐका. ह्या यादीत फक्त भूमध्य समुद्राकडचीच माणसं आहेत. आपल्याकडचं एकही नाही. दुकानात तीनच मापांचे शर्ट असले तर गिऱ्हाईक कोणीही येवो, त्याला त्यातलाच एक चढवणार. बाजूचा आकडा बघा, किती मोठा आहे. म्हणजे हे बेट आपल्यापासून फार लांब आहे. फक्त बाकीची आणखी लांब आहेत."

"म्हणजे माझी थुंकी दिली असती तर?" हेडमास्तर.

"तुम्हीही ग्रीकच निघाला असता, सर."

"आणि आमची म्हैस?"

"म्हशीला नापास केलं असतं. बाकी तुम्ही सगळे ग्रीक."

वाचनालय हसून हसून लोळलं. सरही हसले, खांदे हलेपर्यंत. "म्हणजे बहुधाच," ते म्हणाले. फक्त मी हसले नाही. बेचाळीस वर्षं मिरवलेलं रक्त एका पोरीनं तीन शर्टांत गुंडाळून परत दिलं होतं. मला काहीतरी हवं होतं, काहीतरी माझं, सगळ्यांपेक्षा वेगळं. पडद्याच्या कोपऱ्यात दुसरं बटण दिसत होतं. 'आजचे लोक.'

"मग ते लाव की," मी म्हणाले. "लाव गं!"

शब्द तोंडातून गेला आणि मग मला शपथ आठवली. प्रज्ञानं आजोबांकडे पाहिलं. "लाव, लाव," हेडमास्तर म्हणाले. मी "नको" म्हणायला तोंड उघडलं, पण माझा तो 'नको' चिवड्याच्या कागदांच्या आवाजात कुणाला ऐकूच गेला नाही. मला वाटतं, मला स्वतःलाही.

पडद्यावर यादी आली. दोन नावं, सरांचं आणि माझं, आणि दोन्हींच्या खाली जाती. एकाखाली एक, आकड्यांसकट. आमच्या हेडमास्तरांना नोटीस दिसली की मोठ्यानं वाचायची सवय. त्यांनी वाचायला सुरुवात केली. पहिलं नाव वाचलं, दुसरं वाचलं, तिसऱ्याशी त्यांचा आवाज अडला. कुणी सरांकडे बघत नव्हतं, आणि कुणी बघत नाहीये हे सगळ्यांना दिसत होतं. माझ्या नावाखाली पहिलं काय होतं ते मी सांगणार नाही. तुम्ही विचारणार, म्हणूनच नाही सांगणार.

सर उठले. मला वाटलं, दार जवळ आहे, निघून जातील. जायलाच हवं होतं. पण ते रांगांमधून पुढे आले आणि पडद्यासमोर उभे राहिले. प्रोजेक्टरचा उजेड त्यांच्यावर पडला. ती सगळी नावं त्यांच्या पांढऱ्या शर्टावर आली, छातीवर, हातावर, गळ्यावर. ते डोळे मिचकावत होते.

"प्रज्ञा, पहिली यादी लाव परत." तिनं लावली. "हेडमास्तर, वाचा."

हेडमास्तरांनी घसा खाकरून वाचलं. एक बेट. एक बंदर. एक गाव. आणखी एक बेट.

"ही माणसं दोन हजार वर्षांपूर्वी मेली," सर म्हणाले. वर्गातला आवाज होता, पण तळाशी काहीतरी फाटलं होतं. "कोण गुलाम होता, कोण मालक होता, कुणाच्या हातचं कोण खात होतं, सगळं संपलं. हाडं काढली, तेव्हा शास्त्रज्ञांनी काय लिहिलं? गाव. मेलेल्यांना गाव आहे." पुढच्या वाक्याची आम्ही सगळे वाट बघत होतो. ते आलं नाही. सर उजेडातून बाजूला झाले, दाराशी गेले, पिशवी उचलली आणि चपला घालून गेले. त्यांचा पेला खुर्चीवर राहिला होता, तो प्रज्ञा मागून घेऊन धावली.

मी घरी आले आणि दोन दिवस फोन उचलला नाही. मला भीती वाटत होती, ते काही बोलतील याची. त्याहून जास्त, बोलणार नाहीत याची.

चौथ्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला सर माझ्या दारात. हातात मोबाईल. बसा म्हटलं तर दारालगत बसले. मी माफीचं काहीतरी बोलायला लागले तर हात वर केला.

"बाई, त्या डीएनएवाल्यांकडून माझं सगळं पुसून टाकता येतं असं वाचलंय. अर्ज इंग्रजीत आहे. तुमचं इंग्रजी बरं आहे."

"प्रज्ञाला सांगायचं ना."

"ती म्हणेल आजोबा घाबरले."

"घाबरलात?"

"हो," सर म्हणाले. त्यात 'बहुधा' नव्हतं.

आम्ही दोघं चष्मे चढवून त्या मोबाईलवर वाकलो. नाव भरलं, क्रमांक भरला. पुढे 'कारण' असा चौकोन आला. "द्यायलाच हवं का कारण?" त्यांनी विचारलं. मी खाली वाचलं. "नाही. रिकामं ठेवलं तरी चालतं." त्यांनी त्या चौकोनावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "ठेवा रिकामं." मी बटण दाबलं.

विनंती मिळाल्याचा संदेश आला. त्याच्या खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की संशोधनासाठी आधीच दिली गेलेली माहिती परत घेता येणार नाही. मी ते वाचलं. मोठ्यानं वाचलं नाही.

"नळीचं काय?" सरांनी विचारलं. "थुंकीचं?"

"ती टाकून देतात."

"कुठे?"

"असेल त्यांची काहीतरी सोय," मी म्हणाले. सरांनी मान डोलावली. चहा घेतला नाही.

पुढच्याच आठवड्यात प्रज्ञा त्यांना पुण्याला घेऊन गेली. छातीत दुखतं म्हणत होते. तिथून ते परत आले नाहीत. म्हणून त्या दुपारी मी त्यांना पाहिलं ते शेवटचं.

निघताना सर फाटकापर्यंत गेले आणि वळले. "बाई, पुसलं ना?"

"पुसलं, सर."

रस्त्यावर उतरले. कारखान्याकडे जाणारा रस्ता, ऊस भरलेल्या ट्रॉल्यांची रांग लागलेली. दहा पावलं गेले आणि परत आले. फाटकावर हात ठेवून म्हणाले, "म्हणजे त्यांच्याकडे आता काही राहिलं नाही?"

"काही नाही, सर."

पुन्हा निघाले. ह्या वेळी बरेच पुढे गेले. मला वाटलं, झालं. तर भर रस्त्यात थांबले आणि मागे वळून माझ्याकडे बघत उभे राहिले. काही विचारलं नाही. मागून ट्रॅक्टर आला, ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न वाजवत होता, "ओ बाबा, सरका की!" म्हणत होता. सर जागचे हलले नाहीत. माझ्याकडेच बघत होते.

मी मोठी, लांबून दिसेल अशी मान डोलावली. हो.

तेव्हा ते बाजूला झाले.